उतारवयातलं घर : विकावं, सोडावं की बदलावं?

१. प्रश्न कुठून येतो

मुलं नोकरीसाठी बाहेरगावी गेली, पाच-सहा खोल्यांत दोघंच उरली, गुडघे दुखू लागले की घरात कोणीतरी विचारतंच, "एवढं मोठं घर आता कशाला? हे विकून लिफ्ट असलेला दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यावा का?" सदाशिव पेठेतल्या वाड्यात हा प्रश्न निघतो, गिरगावातल्या चाळीत निघतो, आणि लखनऊच्या अमीनाबादेतही निघतो. २०११च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटी ३८ लाखांच्या आसपास होती. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३च्या अहवालानुसार २०२२मध्ये ती १४.९ कोटी होती आणि २०५०पर्यंत ३४.७ कोटींवर जाईल. तेव्हा देशातला प्रत्येक पाचवा माणूस साठीपुढचा असेल. त्यामुळे आज दोन-चार घरांत कुजबुजला जाणारा हा प्रश्न येत्या काळात जवळपास प्रत्येक कुटुंबाला सोडवावा लागणार आहे.

या प्रकरणात तो आपण अमीनाबाद समोर ठेवून सोडवू, कारण या प्रश्नाच्या दोन्ही बाजू तिथे ठळकपणे दिसतात. अवधचा नवाब अमजद अली शाह याचा वजीर अमीनुद्दौला याच्या नावाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वसलेली ही पेठ आहे. मराठी वाचकाला खूण सांगायची तर पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली सुरू झालेलं संगीत विद्यालय ज्या कैसरबागेत आहे, तिला ही पेठ लागूनच आहे. खाली चिकनच्या कपड्यांची, भांड्यांची, पुस्तकांची, औषधांची दुकानं आणि वरच्या मजल्यांवर राहती घरं, अशी इथली जुनी रचना. खाली उतरलं की सगळं हाताशी आहे, पण खाली उतरण्यासाठी उंच पायऱ्यांचा अरुंद जिना आहे. शहर मात्र गेल्या काही दशकांत गोमतीच्या पलीकडे इंदिरानगर, गोमतीनगर अशा वसाहतींकडे पसरलं. तिथे रुंद रस्ते, लिफ्ट आणि गाडी लावायला जागा आहे. म्हणून अमीनाबादेतल्या कुटुंबापुढचा पर्याय बहुधा एकच असतो : जुन्या पेठेतलं मोठं घर, किंवा नदीपलीकडचा लहान फ्लॅट.

२. मोजमाप चुकतं तिथे उत्तर चुकतं

तांदूळ आपण किलोवर घेतो, दूध लिटरवर आणि कापड मीटरवर. तिन्ही वस्तू एकाच मापाने मोजायचं ठरवलं तर घरखर्चाचा सगळा हिशेब कोलमडेल. घराच्या बाबतीत नेमकं तेच होतं, कारण आपण ते फक्त चौरस फुटांत मोजतो. घर एकाच वेळी चार गोष्टी पुरवतं. पहिली, निवारा, म्हणजे छप्पर, पाणी, संडास, झोपायची जागा. दुसरी, ठेव, कारण मध्यमवर्गीय कुटुंबाची आयुष्यभराची बचत बहुतेक त्या भिंतींतच अडकलेली असते. तिसरी, शेजार, म्हणजे ओळखीचा दूधवाला, उधारी लिहून घेणारा किराणावाला, दिवसभरात दिसला नाहीत तर वर येऊन चौकशी करणारा माणूस. आणि चौथी, हक्क, म्हणजे या घरातून मला कोणी बाहेर काढू शकत नाही ही खात्री. 'घर मोठं पडतं' ही तक्रार चारांपैकी फक्त निवाऱ्याबद्दल आहे. पण घर विकलं की चारही गोष्टी एकदम हातातून जातात, आणि नव्या घरात त्या चारही पुन्हा मिळतीलच असं नाही.

म्हणून आकाराऐवजी वेगळं माप वापरावं, असं या प्रकरणाचं म्हणणं आहे. त्या मापाला आपण 'पल्ला' म्हणू. रोज, कोणाची मदत न मागता, स्वतःच्या पायांनी जिथवर जाऊन परत येता येतं, तो त्या माणसाचा पल्ला. त्याचे दोन भाग आहेत. घरापासून रस्त्यापर्यंत चढउतार करायची ती उभी वाट, आणि रस्त्याला लागल्यावर भाजी, औषध, डॉक्टर, देऊळ किंवा मशीद, बँक आणि गप्पांचा कट्टा इथपर्यंत जायची ती आडवी वाट. पल्ला मोठा ठेवणारं घर म्हातारपणासाठी चांगलं, मग त्याच्या खोल्या दोन असोत की सात. पल्ला आखडून टाकणारं घर वाईट, ते कितीही नवं असलं तरी. पुढच्या सगळ्या विवेचनाचा आधार हाच आहे.

३. जिना आणि बाजार

आधी उभी वाट पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं पडण्यामुळे दगावतात, आणि त्यांत सर्वाधिक वाटा साठीपुढच्यांचा असतो. उतारवयात खुब्याचं हाड मोडलं की कित्येकांचं चालणं पूर्ववत होत नाही. जुन्या घरात पडण्याची कारणं ठरलेली असतात : असमान उंचीच्या पायऱ्या, कठड्याचा अभाव, अंधारा वळणाचा टप्पा, ओली न्हाणी, उकिडवं बसायचा संडास. दुसऱ्या मजल्यावरच्या घराला पस्तीस-चाळीस पायऱ्या सहज असतात. पण पडण्याइतकंच मोठं नुकसान पडण्याच्या भीतीने होतं. माणूस दिवसातून तीनदा खाली उतरत असतो, तो एकदा उतरू लागतो, मग आठवड्यातून एकदा. स्नायू वापरले गेले नाहीत की आणखी दुबळे होतात आणि जिना आणखी अवघड वाटतो. खाली बाजार तसाच गजबजलेला असतो, पण वरच्या माणसासाठी तो फक्त ऐकू येण्यापुरता उरतो. शिवाय वरच्या मजल्याचा स्लॅब मे-जूनमध्ये तापतो. लखनऊचा पारा त्या दिवसांत चाळिशीच्या पुढे जातो आणि लू वाहते, तेव्हा गच्चीखालची खोली म्हाताऱ्या शरीराला धोक्याची ठरते.

आता आडवी वाट. ती नुसती सोयीची गोष्ट नसून जीव वाचवणारी गोष्ट आहे, याचा ठळक पुरावा अमेरिकेतल्या शिकागो शहरातून मिळतो. जुलै १९९५मध्ये तिथे आलेल्या उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसं मेली, आणि त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचं प्रमाण मोठं होतं. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी शेजारशेजारच्या दोन वस्त्यांची तुलना केली. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या दोन्हींत गरीब, एकटे राहणारे वृद्ध सारख्याच प्रमाणात होते आणि हवामान तर एकच होतं. तरी पहिल्या वस्तीतला मृत्युदर दुसरीच्या सुमारे दहापट होता. पहिल्या वस्तीतली दुकानं बंद पडली होती, पदपथ ओस होते आणि वृद्ध दारं लावून आत बसले होते. दुसऱ्या वस्तीत रस्ते गजबजलेले होते. म्हातारी माणसं सहज खाली उतरत, थंडगार दुकानात शिरत, आणि कोणी दिसलं नाही तर शेजाऱ्यांच्या ते लक्षात येई. अमीनाबादसारख्या पेठेकडे हे धन आधीपासून आहे. औषधाचं दुकान पायाखाली आहे, बलरामपूर रुग्णालय जवळ आहे, किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ ई-रिक्षाच्या अंतरावर आहे. तिथे वृद्धांच्या मानसिक आरोग्यासाठी स्वतंत्र विभागही आहे.

दोन्ही वाटा एकत्र ठेवल्या की चित्र स्पष्ट होतं. जुन्या पेठेत आडवी वाट उत्तम आणि उभी वाट वाईट. नव्या वसाहतीत उभी वाट लिफ्टने सुटते, पण इमारतीच्या फाटकाबाहेर पडल्यावर रुंद, वेगवान रस्ता लागतो आणि प्रत्येक लहानसहान कामाला वाहन लागतं. त्यामुळे 'जुनं घर की नवं घर' असं विचारण्यापेक्षा 'आपल्या पल्ल्यात नेमकं कुठे अडतं' असं विचारावं. हे कळण्याचा साधा मार्ग म्हणजे एका आठवड्याची नोंद. वहीत रोज दोन ओळी लिहायच्या : आज मी एकट्याने कुठेकुठे गेलो, आणि आज घरी कोण कोण आलं. आठवडा संपल्यावर ज्या गोष्टी दिसतील, त्यांतल्या किती नव्या जागी टिकतील ते मोजायचं. निम्म्याहून अधिक गळत असतील तर लिफ्ट असूनही तो फ्लॅट महाग पडणार आहे.

४. पैशाचा हिशेब मांडून पाहू

घर लहान केल्याने हातात नेमकं किती येतं? आकडे उदाहरणापुरते धरू. जुनं घर १ कोटी २० लाखांना विकलं आणि ७० लाखांचा फ्लॅट घेतला. वरवर पाहता ५० लाख सुटले. पण उत्तर प्रदेशात खरेदीवर सर्वसाधारणपणे ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि १ टक्का नोंदणी शुल्क लागतं, म्हणजे ५ लाख ६० हजार. स्त्रीच्या नावे खरेदी केल्यास शुल्कात थोडी सवलत मिळते. दोन्ही व्यवहारांत दलाली एकेक टक्का धरली तर आणखी १ लाख ९० हजार. सामान हलवणं, नवं फर्निचर, किरकोळ कामं यांचे ४ लाख धरू. एकूण खर्च ११ लाख ५० हजार. हातात उरले साडेअडतीस लाख.

कराचं काय? घर विकून झालेल्या नफ्यावर कर लागतो, पण नफा मोजण्याची रीत लोकांना वाटते तितकी जाचक नाही. जुन्या घरासाठी १ एप्रिल २००१ची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. ती २० लाख होती असं समजू. २३ जुलै २०२४पूर्वी मिळालेल्या घरांसाठी निवासी करदात्यांना दोन पद्धतींतली कमी कराची पद्धत लागू होते : महागाईनुसार मूळ किंमत वाढवून उरलेल्या नफ्यावर २० टक्के, किंवा न वाढवता १२.५ टक्के. २०२५-२६चा महागाई निर्देशांक ३७६ आहे आणि २००१चा १०० मानलेला आहे, म्हणून २० लाखांचे ७५ लाख २० हजार होतात. नफा सुमारे ४४ लाख. तो ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या घरात गुंतवला तर तेवढा करमुक्त होतो, आणि इथे नवं घर ७० लाखांचं आहे. म्हणजे या उदाहरणात कर शून्य. प्रत्यक्ष व्यवहाराआधी सनदी लेखापालाकडून हे तपासून घ्यावंच, पण कराच्या धास्तीने घर न विकणं किंवा अर्धी रक्कम रोखीत घेणं या दोन्ही चुका टाळाव्यात.

आता साडेअडतीस लाखांचं मासिक उत्पन्न. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि एप्रिल २०२३पासून तिचा दर ८.२ टक्के आहे. वर्षाचे २ लाख ४६ हजार, म्हणजे महिन्याला २०,५००. उरलेले साडेआठ लाख अडीअडचणीला बँकेत. यातून फ्लॅटचा मासिक देखभाल खर्च ४,००० आणि वाढलेला प्रवासखर्च ३,००० वजा केला, तर निव्वळ फायदा १३,५०० रुपयांचा. निवृत्तिवेतन नसलेल्या जोडप्यासाठी ही रक्कम मोलाची आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. पण ही रक्कम स्थिर राहते. महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर पाच वर्षांनी त्याच २०,५०० रुपयांत आजच्या १६,००० इतकंच सामान येईल. आणि जुनं घर १ कोटी २० लाखांऐवजी ८० लाखांचंच असेल, तर फ्लॅट आणि खर्च वजा जाता हातात काहीच उरत नाही. जुन्या आणि नव्या घरांच्या किमतींत मोठा फरक असेल तरच पैशासाठी घर बदलण्यात अर्थ आहे. अमीनाबादेत हा फरक अनेकदा कागदावरच असतो, कारण पेठेतली खरी किंमत तळमजल्याच्या दुकानाला असते, आणि ते दुकान बहुतेक वेळा दुसऱ्याच्या मालकीचं किंवा जुन्या भाडेकरूच्या ताब्यात असतं.

५. घर नेमकं कोणाचं?

यावरून पुढचा मुद्दा निघतो. जुन्या पेठेत राहणारा प्रत्येक वृद्ध पूर्ण मालक नसतो. घर वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर राहिलेलं असतं आणि त्यात भाऊ, बहिणी, पुतणे यांचे वाटे असतात. काही ठिकाणी जमीन नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची असते. काही ठिकाणी वक्फची. तळमजल्यावर १९७२च्या भाडे कायद्याच्या काळातला नाममात्र भाडं देणारा भाडेकरू असतो. मुंबईतल्या पगडीच्या घरांना आणि पुण्यातल्या वाड्यांना हा गुंता चांगला परिचित आहे. अशा घराबाबत 'विकावं का' हा प्रश्न आज सुटणारच नाही, पण कागदपत्रं नीट करणं आज शक्य आहे. उत्तर प्रदेशने २०२५मध्ये वडिलोपार्जित मिळकतीच्या कौटुंबिक वाटणीपत्रावरचं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क प्रत्येकी ५,००० रुपयांवर मर्यादित करण्याचा निर्णय घेतला. भावाभावांत बोलणं सुरू आहे, सगळे हयात आहेत, तोवर ही वाटणी करून घेणं हे घर विकण्यापेक्षाही निकडीचं आहे. एक पिढी गेली की वाटेकरी दुप्पट-तिप्पट होतात.

हक्काबाबतचा सर्वांत मोठा धोका मात्र बाहेरून येत नाही. उत्तर प्रदेशात जवळच्या नातलगाला घर बक्षीस द्यायला २०२२पासून फक्त ५,००० रुपये मुद्रांक शुल्क लागतं. महाराष्ट्रात मुलं, नातवंडं, जोडीदार यांच्यासाठी राहत्या घरावर ते २०० रुपये आहे. शुल्क कमी झालं हे चांगलंच, पण त्यामुळे हयातीतच घर मुलाच्या नावे करून देणं फार सोपं झालं आहे. 'शेवटी त्याचंच आहे' असं म्हणून सही होते, आणि त्या क्षणापासून आईवडील स्वतःच्या घरात दुसऱ्याच्या मर्जीवर राहू लागतात. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली झालेल्या कायद्याच्या तेविसाव्या कलमानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास परत मिळवता येते. पण अशी अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५मध्ये त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ वृद्धांच्या बाजूने उदारपणे लावावा असंही सांगितलं. यातून घ्यायचा धडा साधा आहे. हयातीत मालकी सोडू नये आणि इच्छा मृत्युपत्रात लिहावी. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं. बक्षीसपत्र करायचंच असेल तर त्यात सांभाळाची आणि तहहयात राहण्याच्या हक्काची अट स्पष्ट शब्दांत हवी.

६. घर न विकता घरातून पैसा

ठेव मोकळी करण्याचा विक्री हा एकमेव मार्ग नाही. २००७-०८च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी उलट तारण कर्जाची घोषणा केली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय आवास बँकेने त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. नेहमीच्या गृहकर्जात आपण बँकेला हप्ता देतो. इथे साठी ओलांडलेला मालक घर तारण ठेवतो आणि बँक त्याला दरमहा रक्कम देते. हप्ते जास्तीत जास्त वीस वर्षं मिळतात, पण राहण्याचा हक्क पतिपत्नी दोघांच्या हयातीपर्यंत असतो. मिळालेल्या रकमेवर प्राप्तिकर नाही. दोघांच्या पश्चात वारसांनी कर्ज फेडून घर ठेवायचं, नाहीतर बँक ते विकून कर्ज वसूल करते आणि उरलेली रक्कम वारसांना देते. योजना इतकी सोयीची असूनही ती फारशी रुजली नाही. मुलांसाठी घर राखायची भावना हे एक कारण आहेच. पण जुन्या पेठांतली अडचण त्याहून ठोस आहे : घर स्वकष्टार्जित हवं, मालकी निर्विवाद हवी आणि इमारतीचं उरलेलं आयुष्य पुरेसं हवं. वडिलोपार्जित, वाटणी न झालेलं, जुनं घर या तिन्ही अटींवर अडतं.

अशा घरासाठी भाड्याचा मार्ग अधिक जवळचा आहे. उत्तर प्रदेशच्या २०२१च्या भाडेदारी कायद्याने लेखी करार बंधनकारक केला आणि राहत्या जागेसाठी वर्षाला ५ टक्के भाडेवाढीची तरतूद केली. भाडेकरू घर बळकावेल ही पूर्वीची भीती त्यामुळे बरीच कमी झाली आहे. रिकाम्या खोल्या वैद्यकीय किंवा संगीत विद्यार्थ्यांना दिल्या तर उत्पन्न येतं आणि रात्री घरात तरुण माणूस असतो. घर मोठं असणं इथे अडचण न राहता आधार बनतं. स्वतः वापरायच्या खोल्या कमी करून त्याच घरात राहणं हेही घर लहान करणंच आहे.

७. आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप : "जुनी घरं पडायला आली आहेत, तिथे राहा म्हणणं धोक्याचं नाही का?" आक्षेप बरोबर आहे. भिंतींना तडे गेले असतील, तुळया कुजल्या असतील, गल्लीत अग्निशमन दलाची गाडी किंवा रुग्णवाहिका शिरत नसेल, तर शेजाराचं प्रेम त्यापुढे तोकडं आहे. अशा घरातून बाहेर पडावंच. मात्र हे अभियंत्याच्या तपासणीवरून ठरावं, इमारतीच्या वयावरून नव्हे. आणि बाहेर पडतानाही शक्यतो त्याच पेठेच्या परिघात, कैसरबाग, लालबाग किंवा गोलागंजकडे लिफ्टची इमारत शोधावी. सिंगापूरच्या सरकारी गृहनिर्माण मंडळाने हेच धोरण म्हणून स्वीकारलं आहे : तिथे वृद्धांसाठी कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याची दोन खोल्यांची घरं बांधली जातात आणि आपल्या सध्याच्या घराजवळ किंवा विवाहित मुलाजवळ ती घेऊ इच्छिणाऱ्यांना प्राधान्य मिळतं. घर लहान करा पण वस्ती सोडू नका, असा त्याचा अर्थ. महाराष्ट्रात पुनर्विकासातून काही प्रमाणात हेच साधतं. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना त्याच जागी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. लिफ्ट आली आणि वस्ती राहिली. पण पुनर्विकासाची वाट अनेक वर्षांची असते, आणि मधला काळ तात्पुरत्या घरात काढणं सत्तरीच्या माणसाला जड जातं, हेही हिशेबात धरावं.

दुसरा आक्षेप : "मुलांजवळ जाऊन राहणं चांगलं नाही का?" जिथे मुलगा किंवा मुलगी खरोखर रोज भेटू शकतात, तिथे नक्कीच. पण एकाच घरात राहणं आणि जवळ राहणं यांत फरक आहे. मुलाच्या घरात आईवडिलांकडे निवारा असतो, हक्क नसतो, आणि शेजार शून्यापासून जोडावा लागतो. दोघंही नोकरी करणाऱ्या घरात दिवसाचे दहा तास ते एकटेच असतात. जुनं घर लगेच न विकता वर्षभर भाड्याने द्यावं आणि मुलांच्या वस्तीत भाड्याचं लहान घर घेऊन राहून पाहावं. वर्षाने हवं तर परत येता येतं. विक्री केली की ती वाट बंद होते. पुण्यातल्या 'अथश्री'सारख्या ज्येष्ठांच्या गृहसंकुलांबाबतही हीच सावधगिरी बाळगावी; तिथे दारांची रुंदी, उतार, लिफ्ट, मदतीची घंटा यांची काळजी घेतलेली असते, आणि महारेरानेही २०२४मध्ये अशा संकुलांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आखली. पण पुढे शुश्रूषेची गरज वाढली तर काय, आणि मालकाच्या पश्चात घराचं काय, ही दोन उत्तरं करारात लेखी हवीत.

तिसरा आक्षेप : "मेट्रो येतेय, भाव वाढतील, तोवर थांबू." चारबाग ते वसंतकुंज या मेट्रो मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२५मध्ये मंजुरी दिली आणि त्यात अमीनाबाद स्थानक आहे. भाव वाढतीलही. पण बाजाराची पाच वर्षं आणि बहात्तर वर्षांच्या माणसाची पाच वर्षं सारखी नसतात. त्या पाच वर्षांत भाव वीस टक्के वाढला आणि त्याच काळात जिन्यावरून पडून चालणं गेलं, तर सौदा तोट्याचाच झाला. पल्ला टिकत असेल तर खुशाल थांबावं. भावासाठी पल्ला गमावून थांबू नये.

चौथा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे : "जमतंय तोवर राहू, नाही जमलं की पाहू." जगभर बहुतेक लोक असंच करतात. अमेरिकेतल्या वृद्ध घरमालकांचा अभ्यास करणारे अर्थतज्ज्ञ स्टीव्हन व्हेंटी आणि डेव्हिड वाइज यांना आढळलं, की जोडीदाराचा मृत्यू किंवा शुश्रूषागृहात जाण्याची वेळ आल्याशिवाय लोक सहसा घर विकत नाहीत. म्हणजे आयुष्यातला मोठा आर्थिक निर्णय सर्वांत दुबळ्या क्षणी होतो. दुःखात असलेला, थकलेला माणूस भाव नीट करू शकत नाही, कागद वाचू शकत नाही, नव्या वस्तीत ओळखी जोडू शकत नाही. पासष्टीत घर बदललेल्याला नवा शेजार जोडायला दहा-पंधरा वर्षं मिळतात. ब्याऐंशीव्या वर्षी हलवलेल्याला ती मिळत नाहीत. राहायचं ठरवलं तरी तो निर्णय आधी, बोलून, लिहून घ्यावा. आपोआप घडलेलं राहणं आणि ठरवून केलेलं राहणं यांत सुरक्षिततेचा मोठा फरक पडतो.

८. निर्णयाचा क्रम

या सगळ्यातून एक क्रम हाती येतो. पहिल्यांदा कागद : मालकी, वाटणी, मृत्युपत्र. मग उभी वाट दुरुस्त करायची. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, प्रत्येक पायरीवर उजेड, न्हाणीत घसरू न देणारी फरशी आणि धरायला दांडे, कमोड, गच्चीवर उष्णतारोधक रंग. शक्य असेल तर झोपायची खोली खालच्या मजल्यावर आणावी. भाऊबंदकीतल्या घरातही मजल्यांची अदलाबदल बोलून होऊ शकते. या कामांचा खर्च घर बदलण्याच्या खर्चापुढे फार कमी असतो. त्याने भागत नसेल तर तिसरी पायरी, त्याच वस्तीत तळमजल्याचं किंवा लिफ्टचं लहान घर. तेही मिळत नसेल तरच दूरच्या वसाहतीत जायचं, आणि तेव्हा इमारतीच्या सोयींपेक्षा फाटकाबाहेरचा बाजार, दवाखाना आणि सावलीचा पदपथ आधी पाहायचा. ठेव मोकळी करण्याची निकड असेल, तर आधी भाडं, मग उलट तारण, आणि विक्री शेवटी. प्रत्येक टप्प्यावर मालकी वृद्धांच्याच नावावर राहायला हवी.

हा क्रम कुटुंबांपुरता आहे, पण जबाबदारी केवळ कुटुंबांची नाही. जुन्या पेठांत वृद्धांना टिकवायचं तर नगरपालिकांनी जुन्या इमारतींना बाहेरून लिफ्ट लावायची परवानगी सोपी करावी, पदपथ मोकळे ठेवावेत, बसायला बाक आणि स्वच्छ सार्वजनिक शौचालयं द्यावीत. नव्या वसाहती आखणाऱ्या विकास प्राधिकरणांनी चालत जाण्याच्या अंतरात बाजार आणि दवाखाना ठेवण्याची सक्ती करावी. एवढं झालं तर जुनी पेठ आणि नवी वसाहत यांत निवड करताना वृद्धांना काही गमवावं लागणार नाही. तोपर्यंत साठी गाठलेल्या प्रत्येक घरमालकाने मुलांना सोबत घेऊन एक संध्याकाळ या प्रश्नाला द्यावी आणि जे ठरेल ते कागदावर उतरवावं. म्हातारपणी कुठे राहायचं हे ज्याला तिथे राहायचं आहे त्यानेच, पायांत आणि आवाजात जोर असताना ठरवावं.